बाजूची सीट

४ मे, रविवार

खोली मनासारखी मिळाली. अल अझीझिया नावाच्या वस्तीतला दुमजली व्हिला आहे. मालकाने आत भिंती घालून त्याचे भाग पाडले आहेत आणि प्रत्येक भागात एक बिऱ्हाड. माझा भाग वरचा, कोपऱ्यातला. स्वतंत्र जिना, स्वतःचं न्हाणीघर, गल्लीकडे उघडणारी मोठी खिडकी. दार लावलं की कोणाशी संबंध नाही. कराडहून निघताना आई बजावत होती की एखादी मराठी मुलगी बघ आणि तिच्यासोबत राहा. मी हो म्हटलं आणि एकटीची खोली शोधली.

कामही आवडेल असं दिसतंय. पुण्यात मी गाड्यांच्या सेन्सरवर काम केलं. इथे आखातातही गाड्याच, पण टाकून दिलेल्या. नोकरी सुटते, माणूस घाईत विमान पकडतो, गाडी रस्त्यावर राहते. नगरपालिकेने, म्हणजे इथल्या बोलीत बलदियाने, अशा गाड्या शोधण्याचं काम आमच्या कंपनीला दिलं आहे. आम्ही हिंडायचं, तपासायचं, फोटोसकट कळवायचं आणि काचेवर लाल स्टिकर लावायचा. मुदतीत मालक आला नाही तर टो-ट्रक येतो आणि गाडी यार्डात जाते.

मला कंपनीची छोटी पांढरी एसयूव्ही मिळाली आहे. जवळजवळ नवी. एसी उत्तम. संध्याकाळी एस्पायरच्या बागेला वळसा घालून आले. हिरवळ, तळं, पळणारी माणसं. खूप दिवसांनी छान वाटलं. झोपही लागेल.

८ मे, गुरुवार

आठवडा संपला, इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. पहाटे सर्व्हे, दुपारी घरी येऊन जेवण, मग ऑफिसात बसून नोंदी. ही विभागणी मला सोयीची आहे.

मला शिकवायला पियूष आहे. नागपूरचा, इथे चार वर्षं. बोलतो फार. गाडीवरच्या धुळीचा थर मी स्टीलच्या पट्टीने मोजते हे बघून तो पोट धरून हसला. "अरे यार, तू गाडी पकडून राहिली का साडीचा काठ मोजून राहिली?" असं सगळ्यांसमोर म्हणाला. मी पुढच्या गाडीला पट्टी लावली. थर अंदाजाने सांगणारे लोक वाद झाला की गप्प बसतात.

त्याने एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगितली. आपण राहतो त्या गल्लीतली गाडी आपण कळवायची नाही. दिसली तर दुसऱ्याला सांगायचं, तो येऊन स्टिकर लावतो. त्याच्या गल्लीतली आपण. इथे सगळे असंच करतात. मी कारण विचारलं. तो म्हणाला की लोकांना आपलं दार माहीत असतं. मी म्हटलं, नियमावलीत असं काही नाही. तो म्हणाला, "नाहीच आहे. म्हणून तर तोंडी सांगून राहिलो."

१३ मे, मंगळवार

खिडकीखाली एक गाडी आहे. चंदेरी रंगाची जुनी सेडान, मागचे दोन्ही टायर बसलेले, नंबरप्लेट फिकट, काचेवर धुळीचं कवच. पहिल्या दिवशीच दिसली होती. ती टाकून दिलेली नाही हे आता कळलं.

दुपारी जेवायला बसले की तळमजल्यावरची बाई येते, ड्रायव्हरच्या बाजूने वाकून हात घालते आणि इंजिन सुरू करते. मग दार लावून घेते आणि बाजूच्या सीटच्या खिडकीशी उभी राहते. उन्हात, डोक्यावर ओढणी. गाडी धडधडत राहते. धूर सरळ माझ्या एसीच्या तोंडाशी येतो, खोलीत जळका वास भरतो. उन्हं कलली की ती इंजिन बंद करते आणि आत जाते.

आज खाली जाऊन सांगितलं. तिचं नाव रुकैया, सगळे भाभी म्हणतात, रत्नागिरीकडची. एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे करून देते. मराठी बोलते हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाय, तुमाला वासाचा त्रास हाय ना? मग खिडकी लावा." दार लावलं.

१८ मे, रविवार

पुन्हा बोलले. या वेळी तिने आत बोलावलं, पण पाणी विचारलं नाही.

गाडी तिच्या नवऱ्याची, दानियालची. तो रास लफानच्या गॅस प्रकल्पात एका ठेकेदाराकडे परांच्या बांधणाऱ्यांचा सुपरवायझर होता. रोज कंपनीच्या बसने जायचा. गेल्या उन्हाळ्यात एकदा बस चुकली आणि तो स्वतःची गाडी घेऊन निघाला. दुपारी ती गाडी हमरस्ता सोडून वाळूत उभी सापडली. इंजिन चालू, एसी चालू, दारं आतून बंद, मोबाइल आणि डबा जागेवर. दानियाल नव्हता. पोलिसांनी शोधलं, त्याच्या दोस्तांनी शोधलं. चौकशी संपल्यावर दोस्तांनी गाडी इथे आणून लावली.

मी म्हटलं, वाईट झालं. ती म्हणाली, वाईट कशाचं, ते गाडीतच आहेत. पोलिसांना दिसले नाहीत, तिला दिसतात. गाडी ओढून आणताना स्टिअरिंगवर दुसरा माणूस होता म्हणून त्यांना बाजूला सरकावं लागलं, तेव्हापासून बाजूच्या सीटवर बसून आहेत. बारा वाजले की पत्रा तापतो, आणि त्यांना ऊन सहन होत नाही.

हे तिने मीठमसाला न लावता, डब्यांची झाकणं लावता लावता सांगितलं.

मी तिला नियम समजावला. गाडीचा इस्तिमारा, म्हणजे नोंदणीचं कार्ड, संपून वर्ष होत आलं. नूतनीकरणासाठी मालकाला स्वतः यावं लागेल. नाहीतर ही गाडी बेवारस धरली जाईल. ती हसली. "मालक बसलाय की गाडीत. या, विचारा त्यांना."

२१ मे, बुधवार

आज स्टिकर लावला.

थर पट्टीने मोजला, टायर तपासले, चारही बाजूंनी फोटो घेतले, कळवलं. वैयक्तिक काही नाही. या गाडीला लागू असलेले निकष मी इतर शेकडो गाड्यांना लावले आहेत. पियूषला सांगून त्याच्याकडून करून घेता आलं असतं, पण तो मधे आला असता, चार दिवस गेले असते, आणि खोलीतला वास तसाच राहिला असता. हे शेवटचं कारण नोंदवायला नको होतं. असो.

आत बघायचं असतं म्हणून काच पुसून बघितलं. सीट रिकामी. बाजूच्या सीटचं कापड इतर तिन्हींपेक्षा झिजलेलं, मधे खळगा. जुन्या फोमचं तसं होतं.

रुकैयाभाभी दारात उभी राहून बघत होती. अडवलं नाही.

२८ मे, बुधवार

ट्रक सकाळी आला. गल्लीतले सगळे बाहेर. रुकैयाभाभीचा भाऊ सूक वाकिफ बाजारातून धावत आला होता. मसाल्याच्या दुकानात असतो, कपड्यांना धण्याजिऱ्याचा वास. तो ट्रकवाल्याशी हिंदीत भांडला, मग माझ्याकडे वळून म्हणाला की आपल्याच माणसाचं दार तुम्हाला सापडलं का. मी नियम सांगितला. तो थुंकला. माझ्यावर नाही, माझ्या पायाशी.

रुकैयाभाभी रडली नाही. गाडी ट्रकवर चढेपर्यंत बाजूच्या खिडकीशी चालत राहिली, आतल्याशी हळू बोलत. ट्रक गेल्यावर माझ्यासमोर आली. विचारलं, यार्डात सावली असते का. मी म्हटलं, नाही. तिने विचारलं, तिथे एसी कोण लावतं? मी म्हटलं, कोणी नाही.

तिने मान हलवली, जशी एखादी बाई भाजीचा भाव ऐकून हलवते. मग माझ्या पांढऱ्या गाडीकडे बघून म्हणाली, "तुमचा एसी बरा चालतो ना, बाय?"

आज दुपारी खोलीत वास नव्हता. नीट जेवले.

१ जून, रविवार

आजपासून उन्हाळ्याचा नियम सुरू: दुपारी उघड्यावर काम बंद. गल्ल्या ओस पडतात. घरी येत असताना गाडीत बेल्टचा इशारा वाजू लागला. माझा बेल्ट लावलेला होता. पॅनेलवर बाजूच्या सीटचं लाल चिन्ह. सीटवर काही नव्हतं. बॅग मागे, पाण्याची बाटली दारात.

हे मला नवीन नाही. सीटखाली दाब मोजणारी चटई असते, माणसाएवढं वजन आलं आणि बेल्ट लावला नसला की गाडी वाजते. उन्हाने चटई फुगते, चुकीचं वाचते. पुण्यात अशा तक्रारी मीच तपासायचे. उद्या बघेन.

व्हिलातलं वातावरण बिघडलं आहे. जिन्यावर माझ्या चपला उलट्या टाकलेल्या सापडतात. तळमजल्यावरच्या बायका मी आले की बोलणं थांबवतात आणि मी गेले तरी सुरू करत नाहीत.

३ जून, मंगळवार

सीटखालच्या चटईच्या वायरचा जोड काढला. तो निघाला की एअरबॅगचा दिवा लागतो आणि बेल्टचा इशारा बंद होतो. दिवा लागला. इशारा बंद झाला नाही.

हे शक्य नाही. चटईचा संबंधच तुटला आहे. गाडीला बाजूला कोणी आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही.

इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजला नेली. मल्याळी मेकॅनिक, शांत माणूस. त्याने नवी चटई घातली आणि सीट दाबून बघायला तळवा ठेवला. लगेच उचलला. मला विचारलं, "मॅडम, किसको उतार के आया?" मी म्हटलं, एकटीच आले. त्याने पुन्हा हात ठेवला नाही. मजुरी घेतली नाही, गाडी लवकर न्या म्हणाला.

परतीच्या वाटेवर वाजतच होती.

४ जून, बुधवार

पियूषला ऑफिसपर्यंत सोडायचं होतं. त्याने बाजूचं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि थांबला. मग दार लावून मागे जाऊन बसला. मी विचारलं काय झालं. म्हणाला, तिथे जागा नाही. मग स्वतःच गोंधळला, हसला. "म्हणजे, असं वाटून राहिलं. सोड." उतरताना मात्र त्याने मला आठवण करून दिली की आपल्या गल्लीतली गाडी कळवू नको असं सांगितलं होतं. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही. आता सगळ्यांना माहीत आहे.

मी त्याला विचारलं की ती चंदेरी गाडी यार्डातून परत आणता येईल का. तो म्हणाला, खलास. ईदच्या आधी जागा करायची म्हणून तो अख्खा लॉट दाबायला गेला. ठोकळा झाला असेल त्याचा.

म्हणजे परत न्यायला गाडीच नाही.

५ जून, गुरुवार

गाडी व्हिलाशी ठेवून टॅक्सीने गेले. मी मागे बसले. चौकात ड्रायव्हर आरशातून म्हणाला की पुढच्या साहेबांना बेल्ट लावायला सांगा, सिग्नलला कॅमेरा आहे.

पुढची सीट रिकामी होती.

मी म्हटलं, पुढे कोणी नाही. त्याने बाजूला बघितलं. एसीच्या चारही झडपा त्या सीटकडे वळलेल्या होत्या. मला घाम फुटत होता आणि ड्रायव्हर थंडीने हात चोळत होता.

म्हणजे गाडीचा प्रश्न नाही. मी जिथे बसते तिथे तो आहे.

६ जून, शुक्रवार

ईद. ऑफिस पुढच्या आठवड्यापर्यंत बंद. गल्ली सकाळी नमाजाला गेली, परत आली, मग घरोघर पडदे ओढले गेले.

दुपारी खिडकीतून बघितलं. रुकैयाभाभी नवा हिरवा ड्रेस घालून माझ्या गाडीशी. बाजूचं दार उघडं. मी ते स्वतः लॉक केलं होतं. चावी माझ्या टेबलावर होती. तिने आत ताट ठेवलं, खांद्यावरचं काही झटकावं तसा सीटच्या पाठीवरून हात फिरवला.

खाली गेले. रागावले होते, आवाजही चढला. ती म्हणाली, "आज सणाचा दिवस हाय. भांडायचं ते उद्या भांड, बाय." पहिल्यांदाच अगं-तुगं.

ती गेल्यावर ताटाला हात लावला. बंद गाडी, तापलेला पत्रा, दारांना हात लावता येत नव्हता. आणि बिर्याणी फ्रिजमधून काढल्यासारखी गार. भातावर तूप थिजलेलं.

८ जून, रविवार

चावीशिवाय एसी चालू होतो. दुपारी. खोलीत बसून ऐकते. तोच आवाज, तीच वेळ, फक्त गाडी माझी.

बंद करायला गेले. आत बसून बटण दाबलं आणि चारही दारं लॉक झाली. हॅंडल ओढलं, निघेना. काच उतरेना. माझ्या बाजूला वाफ, बेल्टचं बक्कल तापून मांडीला चिकटलं, कातडी भाजली. बाजूला थंडी. मधे हात धरला तर रेषा कळत होती, इकडे आग, तिकडे गार.

ओरडले. गल्लीत दोन माणसं होती. त्यांनी ऐकलं. बघितलं. मग एकाने दुसऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं आत गेले.

एसी पुन्हा लावला तेव्हा दार उघडलं.

म्हणजे दुपारी एसी लावायचा. एवढंच त्याला हवं असेल तर ठीक आहे. तेवढं करता येईल.

९ जून, सोमवार

लावला. ऊन कलेपर्यंत बसून राहिले. इशारा वाजत होता, एकसारखा. पेट्रोल संपत आलं. उद्या भरायचं.

आधी त्याच्यासाठी रुकैयाभाभी उन्हात उभी असायची, आज मी बसले. कालपर्यंत मला तिचं हसू आलं असतं.

१० जून, मंगळवार

एवढंच नको आहे त्याला.

आज इशारा थांबला. मधेच. क्लिक झालं — बेल्ट खोबणीत बसल्याचा आवाज. बाजूचा पट्टा ओढलेला होता, आडवा, ताणलेला, रिकाम्या हवेवरून. मग पट्टा सुटला. पुन्हा लागला. पुन्हा सुटला. चिडलेला माणूस करतो तसं.

खाली गेले, तिच्या दारावर हात आपटला. विचारलं, त्याला काय पाहिजे. ती कांदा चिरत होती. हात थांबला नाही.

म्हणाली, ते कधी कोणाच्या बाजूला बसले नाहीत. लग्नाची गाडीही स्वतःच चालवली, सासरे ओरडले तरी. बाजूला बसून कंटाळले आता. चालवायचं आहे.

मी म्हटलं, चावी घे. गाडी घे. मी कंपनीला सांगते चोरीला गेली.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "गाडी गेली गो त्यांची. ती तू चेपून टाकलीस. आता ते गाडीत नाय. तुझ्या सोबत आहेत." आणि पुन्हा कांद्याकडे.

मी विचारलं, मग चालवणार कुठे बसून.

तिने पुढचा कांदा घेतला. नाक ओढलं — कांद्यामुळे.

११ जून, बुधवार

राजीनामा पाठवला. उद्या सायंकाळचं तिकीट, मुंबई.

आईला फोन केला. ताप आहे म्हटलं. तिला खरं काय सांगणार. आई म्हणाली, तुझ्यामागे कोण बोलतंय? मी म्हटलं, टीव्ही. खोलीत टीव्ही नाही.

खुर्चीवर नीट बसता येत नाही. बसले की सीट आधीच दबलेली —

पलंगावर, भिंतीला टेकून लिहिते आहे. भिंत गार आहे. फक्त भिंत नव्हे, माझी पाठही.

१२ जून, गुरुवार

सामान भरलं. वही बॅगेत वर.

पासपोर्ट नाही. आठवलं — निवासी परवान्यासाठी बोटांचे ठसे द्यायला गेले तेव्हा पाकीट गाडीच्या कप्प्यात ठेवलं होतं. बाजूच्या सीटसमोरच्या कप्प्यात.

पियूषला फोन केला, तू काढून दे. तो म्हणाला सुट्टी आहे. मी विनंती केली. मी कोणाला विनंती करत नाही. तो म्हणाला, "सॉरी यार. मला नको त्याच्यात टाकू," आणि फोन ठेवला.

दार उघडं ठेवून, बाहेर उभी राहून, फक्त हात लांब करायचा. बसायचं नाही. चालकाच्या बाजूने बाहेरून हात पोचत नाही. दुसरं दार उघडायचं तर — तिकडून नाही. तिकडे तो आहे.

चालकाच्या सीटवर गुडघा टेकून वाकायचं. पाकीट घ्यायचं. बाहेर.

१२ जून. गाडीत

वाकले तेवढ्यात मागे दार लागलं, मी चालकाच्या सीटवर आदळले.

पाकीट हातात आहे. बेल्ट माझ्या अंगावरून आला, मी लावला नाही. लाल बटण दाबते, दाबलं जातं, सुटत नाही. मोबाइल बॅगेत होता, बॅग मांडीवर आहे, पण मोबाइल — पत्र्यासारखा तापलाय, पडदा काळा. वही आहे. लिहिते. लिहिलं की हात माझे राहतात.

एसी बंद झाला.

बाजूचा इशारा वाजतोय. बाजूची सीट हळूहळू वर येतेय — फोम, दाबून सोडल्यासारखा. खळगा भरत चाललाय.

इशारा थांबला. तिथे कोणी नाही आता.

मागचं दार उघडलं. रुकैयाभाभी. हिरवा ड्रेस, हातात पिशवी. आत आली, दार लावून घेतलं. मी म्हटलं, भाभी, बेल्ट. बेल्ट कापा. चाकू असेल पिशवीत. भाभी.

तिने पिशवी मांडीवर घेतली. ओढणी सारखी केली, लांबच्या प्रवासाला करतात तशी. आरशात तिचे डोळे दिसतात. माझ्याकडे नाहीत. माझ्याच तोंडाकडे आहेत पण माझ्याकडे नाहीत. हसतेय. लाजल्यासारखी. म्हणाली, "चला हो, निघूया."

मांडीवर वजन. वरून नाही — मी जिथे आहे तिथेच, माझ्या आतून सीटवर कोणीतरी टेकतंय. पाय माझे आहेत, दिसतात, कळत नाहीत. उजवा पाय खाली गेला. मी नेला नाही.

गाडी गल्लीच्या तोंडाशी. पियूषची गाडी वळतेय, तो आला, आला तो — काच खाली करतोय — हात करतोय. आत बघतोय. माझ्याकडे बघून त्याने सलाम केला, अनोळखी पुरुषाला करतात तसा, आणि बाजूला झाला —

माझे दोन्ही हात वहीवर आहेत. तरी स्टिअरिंग डावीकडे वळत